येऊन राहिलं

आमच्या मिरजेकडं म्हणतात, येतंय.
म्हणजे वाटेत आहे, वळणावर दिसेल.
इथं नागपुरात म्हणतात, येऊन राहिलं.
लग्नानंतर वर्षभर मला हसू यायचं.
एक तर येईल, नाहीतर राहील,
दोन्ही एकदम कसं करेल कोणी?

आता कळलं.

पंचवीस मे तारीख होती. नवतपा त्याच दिवशी लागला
आणि काल संपलासुद्धा, कॅलेंडरवर.
गच्चीवरच्या टाकीला हे कोणी सांगितलेलं नाही,
रात्री दहालाही नळातून चहाचं पाणी येतं.

ढोबळेकाकू कंपाउंडवरून विचारतात,
"काऊन बाप्पा, अजून नाही?"
इस्त्रीवाला कपडे मोजता मोजता पोटाकडं बघतो.
बारशासाठी म्हणून घातलेल्या कुरडया
वाळल्या, डब्यात गेल्या,
डबा अर्धा झाला.
आईनं महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट दोनदा बदललं.
"तूसुद्धा बारा दिवस उशिरा," म्हणाली,
जणू ते मी मुद्दाम केलं होतं.

सगळं करून झालं. तूप घातलेलं दूध.
सीताबर्डीच्या मेट्रोचे जिने, चार वेळा वर, चार वेळा खाली,
हर्षल एक पायरी मागे, हात पसरून,
फ्रीज उतरवताना धरतात तसे.

आज वैरागडेबाईंनी पट्टा बांधून ठोके ऐकवले.
छान पळत होतास. होतीस.
बाळ ठीक, म्हणाल्या. पाणी मात्र सात झालंय,
मागच्या खेपेला अकरा होतं.
एक-दोन दिवस थांबू शकतो, रोज तपासून.
नाहीतर उद्या सकाळी या.
जेल लावू, लागलं तर सलाईनमधून औषध. कळा आणू.

कळा आणू.
कोपऱ्यावरून सांबार आणू, तसं.

जास्त दुखतं का, विचारलं.
त्यांनी चष्मा काढला, खोटं बोलल्या नाहीत.
"जोरात येतात. कधी आणूनही येत नाहीत,
मग पोटावरून काढावं लागतं."

घरी सासूबाई पंचांग घेऊन बसल्या होत्या.
उद्या नको, परवा दुपारनंतर बरं.
माझ्या लग्नाची वेळही अशीच कोणीतरी काढलेली,
बारा सत्तेचाळीस. अंतरपाट धरणाऱ्याचे हात थरथरत होते.
म्हणून वाटत होतं, तुझी तरी तू ठरवावीस.
कोणाला न विचारता, हव्या त्या अडनिड्या वेळी.

आणि एक, जे कोणाला सांगितलं नाही:
मला घाई नाहीये.
उद्यापासून नाक कोणाचं, रंग कोणाचा.
आज तू कोणासारखंच नाहीस.
शिवाय बाहेर पंचेचाळीस आहे. मीसुद्धा आले नसते.

रात्री तीनला कूलर गुरगुरायला लागला.
पाणी तळाला गेलं की तो असाच करतो,
कोरडा पंप, घशात अडकल्यासारखा.
उठून पाइप लावला. टाकीत हात घालून पाहिलं,
चार बोटं.
वाळ्याचा वास आला, ओल्या मातीच्या जवळचा,
आणि मी तशीच उभी राहिले, हात पाण्यात.

याचं मला ऐकू येतं.
तुझं पाणी उतरलं तर
तू काय आवाज करशील?

डाव्या कुशीवर पडून मोजलं. दहा ढुशा, पंचवीस मिनिटं.
नेहमीसारख्याच. नववी जरा बरगडीत.
घाबरण्यासारखं काही नव्हतं,
एवढंच की पुढच्या वेळी मोजताना
मला माझीच खात्री वाटणार नव्हती.

टाकी भरली. कूलर गप्प झाला, नुसता वारा.
हर्षलला हलवलं. साडेसात, म्हटलं.
तो ताडकन उठून बसला. "काय? येऊन राहिलं?"
नाही रे. राहूनच राहिलंय.
मी घ्यायला जाऊन राहिली.

पहिल्यांदाच ते माझ्या तोंडून असं निघालं.
तो हसला नाही, त्याच्या लक्षातही आलं नाही.
पहाटे साडेतीनला, दिवा न लावता,
गाडीची किल्ली शोधत बसला.